शिंपल्याचा कोनाडा आणि दाजीचा गूळ

दाजी आरोसकर कुठेही शिरला, दुकानात, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये, की आधी वर बघायचा. खाली कोण बसलंय, जेवायला काय आहे, नवरी कशी दिसते, हे सगळं नंतर. बहरैनमधली निम्मी छतं आपल्याच हातची आहेत असं तो सांगायचा. निम्मी नसतील, पण सत्तावीस वर्षांत त्याने खूप छतं केली होती हे खरं. सलमानियाजवळच्या एका दवाखान्यात दातांच्या डॉक्टरने त्याला खुर्चीत आडवं केलं, तर डोक्यावर याचंच छत. दाढ निघाली, रक्त आलं, कापूस कोंबला, पण दाजीचं सगळं लक्ष कोपऱ्यातल्या एका सांध्यावर. "तो सांधो माजो न्हय," असं त्याने कापसासकट डॉक्टरला बजावलं. डॉक्टर केरळचा. त्या बिचाऱ्याने त्याला आणखी एक इंजेक्शन दिलं.

एवढं असून या छतांवर दाजीचं प्रेम म्हणाल तर काडीचं नव्हतं. मीना सलमान बंदराजवळच्या ज्या वर्कशॉपमध्ये तो कामाला होता तिथे जिप्समचे बोर्ड यायचे. ते कापायचे, स्क्रू मारायचे, सांधे भरायचे, वर रंग. काम चटकन व्हायचं, आणि दहा वर्षांनी फॅशन बदलली की चटकन पाडलंही जायचं. दाजीचा मूळ हात चुन्याचा. त्याचा बाप बाबलो आरोसकर हा सावंतवाडीच्या बाजूचा नावाजलेला गवंडी. देवळाचा गाभारा असो नाहीतर हद्दीपलीकडे गोव्यातलं चर्च, पावसाळा सरला की बाबलोला बोलावणं यायचं. खाडीतले शिंपले भाजून चुना करायचा, विझवायचा, महिना महिना पाण्याखाली मुरवायचा, मग वाळूबरोबर बैलाने फिरवायच्या दगडी घाणीत मळायचा, आणि शेवटी त्यात गुळाचं पाणी. "गुळाबगर चुनो म्हणजे मिठाबगर पेज," असं बाबलो म्हणायचा आणि वाद संपवायचा. दाजीचं बालपण घाणीच्या बैलामागे फिरण्यात गेलं. पंधराव्या वर्षी त्याचा हात बापासारखा चालायला लागला, आणि विसाव्या वर्षी बाजारपेठेत सिमेंटचं दुकान उघडलं. झालं. पुढची दहा-अकरा वर्षं बाबलो पडवीत बसून राहिला आणि दाजी मिळेल ते करत राहिला. मग एका एजंटाच्या मागोमाग तो बहरैनला आला.

आता अठ्ठावन्न पुरी झाली होती. एप्रिलमध्ये व्हिसा संपला की कंपनी तो वाढवणार नव्हती. गावी बायको मथुरा होती, लेक भक्ती लग्न होऊन शेजारच्याच वाडीत नांदत होती. जायला तो तयार होता. फक्त एक गोष्ट सलत होती. सत्तावीस वर्षं राबलो, पण बापाने ज्याला काम म्हटलं असतं असं एकही आपल्या हातून झालं नाही. जाण्याआधी एकदा, एकदाच, चुन्यात हात घालायला मिळावा, एवढी इच्छा त्याने मनात धरून ठेवली होती. बोलला नव्हता कोणाला. बोलून तरी काय, या काचेच्या इमारतींच्या देशात चुना कोणाला हवा असणार?

इरावतीला हवा होता.

इरावती पुण्याची आर्किटेक्ट, चाळिशीला टेकलेली, माहूजच्या एका फ्लॅटमध्ये राहणारी. नवरा बँकेत, आणि ही जुन्या इमारतींच्या नादी लागलेली. बेटाच्या उत्तरेला खजुराच्या एका जुन्या बागेत दगडी खोली होती. बागेची मालकीण, सगळे जिला खदिजाआजी म्हणत, ती सांगायची की ही आमची मदबसा. म्हणजे खजुराची पोती थप्पी लावून ठेवायची खोली. वरच्या पोत्यांच्या भाराने खालच्या पोत्यांतून पाक गळतो, जमिनीतल्या पन्हळींतून वाहतो आणि कोपऱ्यातल्या रांजणात जमतो. तोच दिब्स, खजुराची काकवी. आजीच्या आजीच्या आजीपासून तिथे हेच चाललं होतं. मग एका हिवाळ्यात पूर्वेच्या भिंतीचा गिलावा ढासळला आणि आतून एक कोनाडा निघाला. त्याच्या माथ्यावर पंख्यासारखा उघडलेला एक शिंपला, चुन्यात घडवलेला. अकरा पाकळ्यांतल्या सहा शाबूत, पाच गळून गेलेल्या.

इरावतीने तो पाहिला आणि तिची भूकच मेली. रेनेसाँसच्या काळात युरोपात चर्चमधल्या मूर्तीच्या डोक्यावर असला शिंपला काढायची पद्धत होती, आणि त्या काळात या बेटावर पोर्तुगीज होते. चार वर्षं तिने नकाशे धुंडाळले, लिस्बनहून जुन्या कागदांच्या नकला मागवल्या. शेवटी एका जहाजाच्या सामानाच्या यादीत तिला दीड ओळ सापडली: बेटावरच्या लहान प्रार्थनाघरासाठी घंटा एक, मेणबत्त्यांच्या पेट्या दोन. ही खोली म्हणजेच ते साडेचारशे वर्षांपूर्वीचं प्रार्थनाघर, असं तिचं म्हणणं. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या खात्यात तस्नीम नावाची बहरैनी अधिकारी होती. तिचं म्हणणं, "असेल. पण 'असेल'वर मी सही करत नाही." तस्नीम मनाची मऊ आणि नियमाची कडक. तरी तिने तपासणीला आणि दुरुस्तीला परवानगी दिली. अट एकच: विचारल्याशिवाय भिंतीला कोणी बोट लावायचं नाही.

घोडं अडलं ते चुनेवाल्यावर. भिंतीतून पडलेला एक खडा डबीत घालून इरावती मीना सलमानची वर्कशॉपं पालथी घालत होती. जो तो तिला जिप्समचा कॅटलॉग दाखवायचा. दाजीने मात्र तो खडा हातात घेतला, नखाने खरवडला आणि जिभेवर ठेवला.

"अहो, काय करताय काय!" इरावती ओरडली. खडा साडेचारशे वर्षांचा होता.

"शिंपल्याचो चुनो," दाजी डोळे मिटून म्हणाला. "भट्टी जरा कमी तापलेली आसा. लाकडां ओली व्हती." मग त्याने डोळे उघडले. आपण मराठीत बोललो आणि बाईही मराठीत ओरडली, हे आत्ता कुठे त्याच्या ध्यानात आलं. "खयच्या तुमी?"

आणखी एक गोष्ट त्याच्या जिभेला कळली होती. चुना फिका होता. गूळ नव्हता त्यात. पण परक्याच्या कामाला पहिल्याच भेटीत नावं कशाला ठेवा, म्हणून तो ते बोलला नाही. बोलला असता तर पुढचं रामायण टळलं असतं.

नोव्हेंबरात कंपनीने त्याला हिवाळ्यापुरता इरावतीच्या कामावर दिला. पिकअप चालवायला कैलास होता. तो कराडकडचा, दाजीच्याच खोलीत राहणारा. कराडकडे दाजी म्हणजे बहिणीचा नवरा, त्यामुळे कैलासने पहिल्या दिवसापासून त्याला मेव्हण्याचा मान आणि मेव्हण्याची थट्टा दोन्ही चालू ठेवली होती. पहिल्या सकाळी दाजी खोलीत शिरला, सवयीने वर बघितलं, आणि बघतच राहिला. तिरप्या उन्हात तो अर्धा शिंपला उजळून निघाला होता. दाजीने चप्पल बाहेर काढून ठेवली. "ह्या कोपेल आसा," तो म्हणाला. गोव्यात लहान प्रार्थनाघराला कोपेल म्हणतात, आणि तसली पंधरा-वीस कोपेलं त्याने बापाबरोबर सारवली होती. "बाबा अशीच नक्षी करी. काठयेक सुतळी गुंडाळून." त्याला एकदम भरून आलं. त्या पाच पाकळ्या आपण करायच्या, मग खुशाल विमानात बसायचं, असं त्याने तिथेच ठरवलं.

पण जुन्या वास्तूचं काम म्हणजे काम न करण्याचं काम, हे त्याला हळूहळू समजलं. मापं घ्यायची. फोटो काढायचे. मऊ ब्रशने धूळ झाडायची आणि झाडलेली धूळही पिशवीत भरून वर तारीख घालायची. तीन आठवडे दाजीने पिंपांत चुना विझवला, मुरत ठेवला, वाळू चाळली आणि हात चोळत बसला. आणि कोनाड्याच्या उजव्या अंगाला, माणसाच्या डोक्याहून उंच, तळहाताएवढा एक खड्डा होता. त्यातून रोज चिमूटभर चुना गळायचा. दाजी रोज सकाळी खाली पडलेली ती चिमूट बघायचा. एखाद्या आईला पोराचं वाहतं नाक दिसावं आणि पुसायची बंदी असावी, तशी त्याची अवस्था झाली.

एका गुरुवारी दुपारी इरावती मुलाच्या शाळेत गेली होती, तस्नीम तिच्या ऑफिसात होती आणि कैलास पिकअपमध्ये घोरत होता. दाजीने शिडी लावली. दात किडला तर भरतात की नाही, असं स्वतःला सांगितलं. मुरलेला चुना, वाळू, शिंपल्याची पूड. हात आपोआप चहाच्या डब्याकडे गेला, कारण त्यात मनामातल्या वाण्याकडून आणलेला कोल्हापुरी गूळ होता. खडा पाण्यात विरघळवला, ओतला, मळला. थापीने भरला, बोटाने दाबला, वर जुन्या गिलाव्याची धूळ आणि पातळ चहाचा एक हात. उतरून खाली उभा राहिला तेव्हा त्याला स्वतःलाच खड्डा सापडेना. त्या दिवशी खोलीवर त्याने कैलासला स्वतःहून माशाचं सार करून घातलं, इतका तो खूश होता.

डिसेंबरात तस्नीम प्रयोगशाळेचा माणूस घेऊन आली. भिंतीतला एक अस्सल, जुना तुकडा तपासायला न्यायचा होता. दोघांनी टॉर्च मारून अख्खी भिंत पाहिली, ठोकून पाहिली, आणि शेवटी कोनाड्याच्या उजव्या अंगाला बोट ठेवलं. "सगळ्या भिंतीत हाच भाग धडधाकट आहे. हाच घेऊ." शिडी धरून खाली दाजी उभा होता. आधी त्याची छाती फुगली, आणि मग ते बोट नेमकं कशावर आहे हे त्याला उमगलं. पण एवढ्याशा तुकड्यात त्यांना काय सापडणार, असं म्हणून तो गप्प बसला. माणूस चुकतो ते एकदाच. पुढे तो ती चूक नुसती सांभाळत बसतो.

जानेवारीच्या शेवटी इरावती पिकअपमधून उतरली ती पेढ्यांचा बॉक्स घेऊनच. "दाजी, आधी तुम्ही तोंड गोड करा! भिंतीत गोड निघालं!"

दाजीच्या हातातला पेढा हातातच राहिला.

इरावती थांबायला तयार नव्हती. तपासणीत साखरेचा अंश सापडला होता. तस्नीमला आधी वाटलं, पोत्यांतला पाक भिंतीत झिरपला असेल. पण तुकडा उंचावरचा, तिथवर पोती कधी पोचलीच नव्हती. म्हणजे चुन्यात कोणीतरी मुद्दाम गोड घातलं होतं, बहुतेक दिब्स. पोर्तुगीजांच्या इमारतीत इथल्या कारागिरांची विद्या! "अहो, हे कोणी म्हणजे कोणीच आजवर मांडलेलं नाही," ती म्हणाली. तीन आठवड्यांनी बाहेरच्या तज्ज्ञांची समिती येणार होती. खोलीला प्रार्थनाघर म्हणायचं की कोठार, हे ती ठरवणार होती, आणि इरावतीचं सगळं भाषण आता या गोडावर उभं राहिलं होतं. "आणि शिंपला तुम्हीच पुरा करायचा, दाजी. दिब्स घालून. खदिजाआजी डबा पाठवणार आहेत."

सत्तावीस वर्षं जे मागितलं ते असं एका वाक्यात पदरात पडलं, आणि त्याच वाक्यात फासही होता. खरं सांगावं तर शिंपला गेला. गप्प राहावं तर ही बाई चार पंडितांसमोर उभी राहून दाजी आरोसकरच्या चहाच्या डब्यातला गूळ साडेचारशे वर्षांचा म्हणून सांगणार. त्याने पेढा कसाबसा गिळला. त्याला तो चुन्यासारखा लागला.

पुढचे दिवस त्याचे वाईट गेले. येता जाता तो भिंतीवर मुंग्या शोधायचा. चार मुंग्या लागल्या असत्या तर निदान त्यांनी तरी चुगली केली असती. पण गूळ बेताचा पडला होता, मुंगी कुठून येणार? आपल्या हाताच्या कसबाचा त्याला जन्मात पहिल्यांदा राग आला. दोनदा तो सांगायला गेला. एकदा इरावती फोनवर होती. दुसऱ्यांदा तिने त्याचं तोंड उघडायच्या आत शिंपल्याचं मोठं चित्र त्याच्यापुढे पसरलं, आणि त्या पाच मोकळ्या पाकळ्या पाहून तो मापंच विचारत बसला.

कैलासला त्याने सांगितलं. कैलास पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "गप बसा की दाजी. तुमी न सांगता भित काय बोलणार हाय? दोन म्हैन्यात तुमी चालला गावाला. खलास."

मथुरेलाही त्याने फोनवर सांगितलं. ती हसली नाही. "गूळ घातलास तर घातलास," ती म्हणाली. "पण आता तोंड कित्याक शिवलास? त्या बाईन तुमका पेढो दिल्यान मा?"

"दिल्यान."

"मगे?"

मथुरेचे 'मगे' असेच असायचे. लग्नाला तेहतीस वर्षं झाली तरी त्यांतल्या एकालाही त्याला उत्तर सापडलं नव्हतं.

समिती येण्याच्या आदल्या सकाळी इरावतीने खोलीतच भाषणाची तालीम करायचं ठरवलं. दाजी एका उपड्या बादलीवर बसला, कैलास दाराला टेकून उभा राहिला. "इंग्रजीतलं उद्या आहेच," ती म्हणाली, "तुम्हाला मराठीत सांगते. कंटाळा आला तर सांगा." कंटाळा कसला. ती सांगत गेली आणि दाजीला ते जहाज दिसलं, ती घंटा दिसली, परक्या बेटावर मेणबत्त्या मोजून वापरणारी माणसं दिसली. मग ती कोनाड्याच्या उजव्या अंगापाशी जाऊन उभी राहिली आणि तिचा आवाज खाली आला.

"या भिंतीत गोड आहे. पोर्तुगालात चुन्यात असं काही घालत नव्हते. मग हे कोणी घातलं? इथलाच कोणीतरी कारागीर. चुन्यात गोड घालतात असं त्याला त्याच्या बापाने शिकवलं असणार. मालकाने सांगितलं नव्हतं. हिशेबात तसं काही लिहिलेलं नाही. तरी त्याने घातलं, कारण काम चांगलं व्हायला हवं, एवढंच त्याला ठाऊक. असा माणूस. आणि त्याचं नाव कुठल्याही कागदात नाही. ते आता कधी कळणारही नाही."

दाजी बादलीवरून उठला.

"मॅडम, तेचा नाव माका म्हायत आसा."

"कोणाचं?"

"गूळ घातलेल्याचा. दाजी बाबलो आरोसकर."

इरावती आधी हसली. मग तिने त्याचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू तसंच विरलं. दारात कैलास "आयला" असं पुटपुटला आणि पिकअप धुवायला निघून गेला. सकाळीच धुतलेली होती.

दाजीने सगळं सांगितलं. गुरुवार, शिडी, चहाचा डबा, कोल्हापुरी गूळ. पहिल्या दिवशीच चुना फिका लागला होता, हेही सांगितलं. इरावतीचा आवाज चढला. "चार वर्षं, दाजी! चार वर्षं घालवली मी यात! आणि तुम्ही तीन आठवडे माझ्यासमोर बसून चहा पीत होतात?"

"चूक माजी आसा," दाजी मान खाली घालून म्हणाला. "पण तुमचो शिंपलो खरो आसा, मॅडम. माजो गूळ तेवढो खोटो."

ती दुसऱ्या बादलीवर बसली. लॅपटॉप मांडीवर घेतला आणि त्याच्यासमोरच गोडाची सगळी पानं काढून टाकली. अकरा होती. मग तिने तस्नीमला फोन लावला आणि काहीही न लपवता जसं घडलं तसं सांगितलं. पलीकडून एकच शब्द दाजीला ऐकू आला: "खलास."

दुसऱ्या दिवसापासून दाजी परत मीना सलमानला. बोर्ड, स्क्रू, सांधे. खरं सांगायचं तर त्याला त्या रात्रीपासून झोप चांगली लागली. पण जाग आली की शिंपला आठवायचा आणि काळजात कळ यायची. बाप असता तर दोन थोबाडीत देऊन पुन्हा उभं केलं असतं, इथे तर कोणी मारलंही नाही. कैलासकडून बातमी कळली, की समितीने खोली पाहिली, दीड ओळ वाचली, शिंपल्यापुढे बराच वेळ उभी राहिली आणि लिहून गेली: 'बहुधा प्रार्थनाघर.' त्या 'बहुधा'वर इरावतीने म्हणे खोलीत एकटीनेच टाळी वाजवली. फक्त दाजीने भरलेलं ठिगळ काढून त्याच्या आतला खरा जुना चुना तपासा, म्हणजे 'बहुधा'चं काय ते बघू, असंही समिती सांगून गेली होती.

आणि इथेच गाडी रुतली. अकराव्या दिवशी दुपारी कैलास वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला हसू आवरत नव्हतं. "यल्ला, चला दाजी. बाईंनी बोलावलंय. दोघींनी."

"कित्याक?"

"तुमच्या ठिगळाचा काठ घावंना त्यांना."

खोलीत तस्नीम डोळ्याला भिंग लावून शिडीवर उभी होती. प्रयोगशाळेच्या माणसाने खडूने तीन वेळा रेघ मारून तीन वेळा पुसली होती. दाजीचं कुठे संपतं आणि जुनं कुठे सुरू होतं हे कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि छिन्नी चुकून जुन्यावर पडली तर कायमची जखम. दाजीने इरावतीकडे पाहिलं. तस्नीम खाली उतरली आणि इरावतीने शिडी स्वतः धरली.

दाजी वर चढला. बोटाच्या पेराने ठोकत गेला. जुना चुना भरीव वाजत होता, नवा जरासा पोकळ, पण तो 'जरासा' ऐकायला चाळीस वर्षांचा कान लागत होता. एका जागी शंका आली तेव्हा त्याने सरळ भिंतीला जीभ लावली. मग खडू घेऊन एका दमात रेघ ओढली आणि खाली उतरला. शेवटच्या पुसलेल्या रेघेपेक्षा ती डावीकडे दोन बोटं आत होती आणि उजवीकडे चार बोटं बाहेर. तस्नीम त्या रेघेकडे संशयाने बघत राहिली. मग तिने इकडे तिकडे पाहिलं, शिडीवर चढली, डोक्यावरची ओढणी सावरली आणि रेघेच्या आत हळूच जिभेचं टोक लावलं. मग रेघेच्या बाहेर.

"मीठा है," ती दाजीला कळावं म्हणून हिंदीत म्हणाली. नियमाची कडक बाई, पण खाली उतरेपर्यंत तिला हसू फुटलं होतं. "आप बहुत खतरनाक आदमी हैं, दाजी."

ठिगळ दाजीनेच काढलं, रेघेपर्यंत, एक कणही पुढे न जाता. आतला जुना चुना फिका निघाला. शिंपल्याचाच होता, आणि कमी तापलेल्या भट्टीचा. प्रयोगशाळेचं तसं पत्र यायला पुढे दोन आठवडे लागले. खोलीतल्या सगळ्यांना ते त्याच दुपारी माहीत झालं होतं.

मग तस्नीमने पाय रोवून अट सांगितली, आणि इरावतीने ती मराठीत समजावली. ज्याचं काम जुन्यातून ओळखता येत नाही, असा माणूस भिंतीपाशी मोकळा सोडायचा नाही. पण ज्याला ते ओळखता येतं असाही तोच एक. तेव्हा शिंपला दाजीने करायचा. फक्त नवी पाकळी जुनीपेक्षा अर्ध्या बोटाने खोल ठेवायची, म्हणजे बघणाऱ्याला फरक कळेल. आणि शेवटच्या पाकळीच्या वरच्या काठावर, खालून दिसणार नाही अशा जागी, आपलं नाव, गाव आणि चुन्यात काय काय घातलं ते ओल्यावरच कोरायचं. पुढे शंभर वर्षांनी कोणी इरावती भिंग घेऊन आली, तर तिची फसगत व्हायला नको.

मार्चभर दाजीने ते काम केलं. काठीला सुतळी गुंडाळून, बाप करायचा तसंच. अर्धं बोट खोल ठेवताना त्याचा हात रोज कुरकुर करायचा, पण त्याने ठेवलं. इरावती पहिले तीन दिवस कामापुरतीच बोलली. चौथ्या दिवशी तिने चहा आणला आणि म्हणाली, "बिनसाखरेचा आहे हं, दाजी." दोघांनाही हसू आवरेना. त्या दिवसापासून सगळं पूर्ववत झालं.

शेवटची पाकळी संपली त्या दिवशी खदिजाआजीही खुर्ची टाकून बसली होती. तस्नीम वही घेऊन उभी होती. दाजीने खिळा हातात घेतला आणि तो थबकला. सत्तावीस वर्षांत एवढी छतं केली, पण एकावरही नाव लिहायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बापालाही कोणी सांगितलं नव्हतं. डोळे पाण्याने भरले, ते त्याने चुन्याच्या हाताने पुसले आणि मग चुरचुरतात म्हणून शिव्या घातल्या. मग काळजीपूर्वक, एकेक अक्षर करत त्याने कोरलं: दाजी बाबलो आरोसकर, आरोस. शिंपल्याचा चुना, वाळू, शिंपल्याची पूड.

खिळा खाली ठेवता ठेवता त्याने शिडी धरलेल्या इरावतीकडे एकदा पाहिलं, आणि खाली बारीक अक्षरांत आणखी दोन शब्द घातले.

"काय लिहिलंत?" इरावतीने विचारलं.

"गूळ नाही."

इरावती इतकी हसली की कैलासला धावत येऊन शिडी धरावी लागली. तस्नीमला काहीच कळेना. इरावतीने तिला अर्थ सांगितला, तेव्हा तिने ती सगळी ओळ गूळ नाही इथपर्यंत अरबीत आणि इंग्रजीत वहीत उतरवून घेतली, पुन्हा एकदा शिंपल्याकडे पाहिलं, आणि त्याखाली सही केली.